दक्षिण सातारा

दक्षिण सातारा हे सध्याच्या सांगली जिल्ह्याचे १९४९ ते १९६० या काळातील नाव होय. इंग्रजी कागदपत्रांत त्याची नोंद ‘साउथ सातारा’ अशी होत असे.

निर्मिती

संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन उत्तर सातारा व दक्षिण सातारा हे दोन जिल्हे झाले. जुन्या साताऱ्यातील तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके आणि सांगली, मिरज, जत आदी संस्थानांचा प्रदेश मिळून दक्षिण सातारा जिल्हा बनला. सांगली हे त्याचे मुख्यालय होते.

शब्दार्थ

इंग्रजीत स्थलनामापूर्वी ‘साउथ’ हा शब्द आला की त्या स्थळाचाच दक्षिणेकडील भाग असा अर्थ होतो. त्याच्या हद्दीबाहेर दक्षिणेस असलेला प्रदेश सांगायचा झाल्यास ‘साउथ ऑफ’ अशी रचना करावी लागते. ‘सदर्न’ हे विशेषण बहुधा विस्तृत प्रदेशासाठी येते. मिरजेवरून जाणाऱ्या मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या नावात ते होते. मराठीत हा भेद ‘साताऱ्याचा दक्षिण भाग’ व ‘साताऱ्याच्या दक्षिणेस’ असा विभक्तीने स्पष्ट होतो. ‘दक्षिण सातारा’ या जोडनामात मात्र पहिलाच अर्थ उरतो.

या अर्थाने पाहता तासगाव, वाळव्याला हे नाव यथार्थ होते. सांगली, मिरज व जत ही मात्र स्वतंत्र संस्थाने असल्याने पूर्वी सातारा जिल्ह्यात नव्हती. शिवाय सांगली शहर साताऱ्याच्या नेमके दक्षिणेस नसून आग्नेयेस आहे. मराठीत उपदिशेला असा स्वतंत्र शब्द आहे; इंग्रजीत तो ‘साउथ’ व ‘ईस्ट’ जोडून होतो.

नामांतर

२१ नोव्हेंबर १९६० रोजी दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली जिल्हा असे झाले. उत्तर साताऱ्यास पुन्हा सातारा हे नाव मिळाले. एका जिल्ह्यास आपल्या मुख्यालयाचे नाव लाभले, तर दुसऱ्यास दिशादर्शक शब्दाची गरज उरली नाही.

जुन्या नोंदींचे वाचन

त्या काळातील शाळेचे दाखले, जमिनीचे कागद किंवा जनगणनेचे अहवाल वाचताना दक्षिण सातारा म्हणजे आजच्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग असे समजू नये. कराड व पाटण हे तालुके आज त्या भागात येतात. परंतु १९४९ ते १९६० या काळात ते उत्तर साताऱ्यात होते. दिशा त्याच राहिल्या. ज्या सीमेवरून त्या मोजल्या, ती सीमा बदलली.