टिटवीला पाऊस कळतो का? अंड्याच्या आकाराचे गैरसमज

मे महिना संपत आला की टिटवीच्या अंड्यांची चर्चा हमखास सुरू होते. चार अंडी दिसली तर चारही महिने पाऊस. उंचवट्यावर घातली तर यंदा पूर, सखल जागी घातली तर दुष्काळ. पेणच्या रामवाडीपासून रोह्यापर्यंतचा सगळा पट्टा भाताचा. इथे पावसाविषयी कुणी काहीही सांगितलं तरी माणूस कान देतो, त्यात नवल नाही. पण ताम्रमुखी टिटवी साधारणपणे चारच अंडी घालते, क्वचित तीन. पाऊस धो धो पडला त्या वर्षीही चार आणि त्याने दडी मारली त्या वर्षीही चारच. दरवर्षी तेच सांगणाऱ्याला अंदाज कसं म्हणायचं?

जागेचंही तसंच. टिटवी झाडावर घरटं करत नाही. उघड्या जमिनीवर खडे-ढेकळांमध्ये जरा खोलगट जागा केली की तिचं घर झालं. चहूबाजूंनी येणारा शत्रू लांबून दिसावा एवढीच तिची अट असते. मग ती जागा बांधावर असेल, नांगरलेल्या शेतात असेल, नाहीतर एखाद्या गच्चीवरही असेल. ढगांशी त्याचा संबंध नाही. (हीच टिटवी आभाळ कोसळू नये म्हणून पाय वर करून झोपते, असंही आपण सांगत आलो आहोत. बिचारीवर किती जबाबदाऱ्या!)

त्या अंड्यांत पाहण्यासारखं खरं काही असेल तर त्यांचा आकार आणि मांडणी. कोंबडीच्या अंड्यापेक्षा ती एका बाजूला बरीच जास्त निमुळती असतात. चारही निमुळती टोकं मधोमध वळवलेली असली की अंडी एकमेकांना चिकटून बसतात आणि एका पक्ष्याच्या पोटाखाली चारही मावतात. ऊब नीट मिळायला ही मांडणी सोयीची. मातकट रंगावरच्या काळ्या डागांमुळे ती इतकी बेमालूम लपतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत.

आता अंगणातल्या कोंबडीकडे या. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवताना जाणती माणसं ती निवडून घेतात. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोलसर अंड्यातून तलंग निघते, हा त्यामागचा हिशेब. हा समज आपल्याकडचाच नाही, फार जुनाही आहे. ग्रीक विचारवंत अरिस्टॉटलने लांबट, टोकदार अंड्यातून मादी निघते असं लिहून ठेवलं. पुढे रोमन लेखक प्लिनीने नेमकं उलट लिहिलं, गोलसर अंड्यातून मादी. दोघांनाही अनुभवाचा आधार सापडलाच असणार, कारण निम्म्या वेळा कुणाचंही बरोबर येतं. वस्तुस्थिती अशी की पिल्लू नर की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, आणि तेही कवच तयार होण्याच्या कितीतरी आधी. आकार ठरतो तो अंडनलिकेत. म्हणून एकाच कोंबडीची अंडी बहुधा एकसारखी दिसतात आणि त्यांतून नर-मादी दोन्ही निघतात.

मग हा आकार येतो कुठून? बाहेर पडताना मागून दाब पडतो आणि अंडं एका बाजूला चेपतं, असं पुष्कळांना वाटतं. पण तोवर कवच टणक झालेलं असतं. कोंबडीच्या पोटात कवच चढायलाच सुमारे वीस तास लागतात. त्याच्याही आधी, पांढऱ्या बलकाभोवती पातळ पापुद्रे गुंडाळले जातात तेव्हाच आकार ठरून जातो. हे घरीही पाहता येतं. कच्चं अंडं दीड-दोन दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. चुन्याचं कवच विरघळून जातं, आत राहिलेलं अंडं मऊ लागतं आणि थोडं फुगतं, तरी त्याचा आकार मोडत नाही. कवच हे आधीच ठरलेल्या आकारावर केलेलं लिंपण आहे.

वेगवेगळ्या पक्ष्यांची अंडी वेगवेगळ्या आकाराची का, याचं एकच उत्तर अजून कुणाकडे नाही. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सुमारे १,४०० जातींच्या जवळपास पन्नास हजार अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चांगले उडणाऱ्या पक्ष्यांची अंडी अधिक लांबट किंवा निमुळती असतात, असा त्याचा निष्कर्ष होता. तो सगळ्याच पक्षीतज्ज्ञांना पटलेला नाही. कड्यावरून गडगडू नये म्हणून अंडं निमुळतं झालं, ही अनेक पुस्तकांतली गोष्ट मात्र आपल्या कोंबडीला नक्कीच लागू नाही. तिच्या पूर्वजांची, रानकोंबड्यांची घरटी जंगलात जमिनीवरच असतात.

अंडं मुठीत कितीही आवळलं तरी फुटत नाही, ही पैज अर्धीच खरी. दाब चहूबाजूंनी सारखा असेल तर कमानीसारखं वळलेलं कवच तो पसरवून टाकतं. बोटात अंगठी असेल तर मात्र हात बरबटलाच म्हणून समजा, कारण कवचाची जाडी मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते आणि एका बिंदूवरचा दाब त्याला सोसत नाही. आतून दिलेला धक्का तर त्याहून कमी सोसतो. पिल्लाच्या दृष्टीने हे बरंच आहे.

माणसाने हा आकार उलटा करूनही वापरला आहे. मुंबईच्या जुन्या भागांत रस्त्याखाली ब्रिटिश काळातल्या विटांच्या अंडाकृती मलवाहिन्या आहेत. गोल नळ जमला नाही म्हणून अंडाकृती केला, असं मुळीच नाही. निमुळती बाजू खाली ठेवली की पाणी थोडं असतानाही ते अरुंद तळातून वेगाने वाहतं आणि गाळ साचू देत नाही. पाणी वाढलं की वर रुंद जागा असतेच.

पृथ्वी सूर्याभोवती अंडाकृती कक्षेत फिरते आणि सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो, हेही वाक्य कानावर येतं. त्यात चुका दोन. एक तर कक्षा लंबवर्तुळ आहे, म्हणजे दोन्ही टोकं सारखी, आणि तेही जवळजवळ वर्तुळच. दुसरं, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपल्या ऐन थंडीत. अर्थात अंड्याचा मोह खुद्द खगोलशास्त्रज्ञ केप्लरलाही झाला होता. लंबवर्तुळापर्यंत पोहोचण्याआधी मंगळासाठी त्याने अंडाकृती कक्षाच धरली होती.

शेवटचा गैरसमज सर्वांत साधा: अंडं म्हणजे अंडाकृतीच. घुबडाची अंडी जवळजवळ गोल असतात. आपल्याच रायगड जिल्ह्यात दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तीही टेबल टेनिसच्या चेंडूसारखी गोल. त्यांचं कवच मऊ असतं, आणि तिथे नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त गरम तर माद्या जास्त. कोंबडी आपली अंडी दिवसातून अनेकदा उलटते, आतलं पिल्लू कवचाला चिकटू नये म्हणून. कासवाच्या अंड्याला असं फिरवणं घातक ठरतं, कारण आतला जीव एका जागी चिकटूनच वाढतो. तेव्हा किनाऱ्यावर घरटं दिसलं तर कुतूहलापोटी अंडी उचलून पाहू नका, वाळू उकरू नका, वनविभागाला कळवा.