घोडा पालखीच्या पावलाने

आषाढवारीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते तेव्हा माझी नजर अश्वांवर असते. अश्व दोन. एकावर स्वार, दुसऱ्याच्या पाठीवर कुणीच नाही. ती जागा माउलींची. आळंदीपासून ही उमदी जनावरं दिंडीतल्या म्हाताऱ्यांच्या चालीने पावलं टाकत आलेली असतात. खुडूस फाट्याच्या गोल रिंगणात त्यांना मोकळं सोडतात, तेव्हा कळतं की इतके दिवस त्यांनी काय दाबून धरलं होतं.

मला तिथे १९४३ सालचं जर्मनीवरचं आकाश आठवतं. हसू नका. दोष माझ्या भाच्याचा. त्याने घरी हवाई युद्धाचा पट मांडलाय: कागदावर षटकोनी घरं, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, दोन फासे. घरं षटकोनी का? चौकोनात तिरकं गेलं की अंतर जवळजवळ दीडपट होतं. षटकोनाचे सहाही शेजारी सारख्याच अंतरावर.

भाच्याकडे अमेरिकेची बी-१७ बॉम्बफेकी विमानं: चार इंजिनं, दहा माणसं, नंतरच्या नमुन्यावर तेरा मशीनगन. सोबत राखणीला लढाऊ विमानं. माझ्याकडे जर्मन शिकारी. पहिल्या डावात त्याने तेच केलं जे सगळे करतात. राखणदार बॉम्बफेकींच्या अगदी कुशीत आणून ठेवले. बॉम्बफेकी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास रेंगाळणार, लढाऊ विमान त्याच्या दुपटीने उडू शकणारं, पण चाल पालखीचीच! वेग नाही, उंची नाही. मी वरून सूर मारला, चार सोंगट्या उचलल्या आणि त्याची विमानं वळेपर्यंत निघून गेलो.

हीच चूक १९४० मध्ये जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने केली होती. इंग्लंडवर आपले बॉम्बफेके पडू लागले तेव्हा त्याने लढाऊ वैमानिकांना त्यांना चिकटून उडायला लावलं. लंडनवर जेमतेम दहा मिनिटं लढण्यापुरतं इंधन उरणारी मेसरश्मिट विमानं, आणि तीही अशी बांधलेली.

दुसऱ्या डावात भाचा शहाणा झाला, जरा जास्तच. सगळे राखणदार माझ्या दोन सोंगट्यांमागे धावले आणि बाकीच्यांनी मी त्याचे उघडे पडलेले बॉम्बफेके गाठले, तेही समोरून. समोरून जाणं खऱ्या युद्धातलंच. बी-१७ च्या नाकाशी मारा कमी होता, हे जर्मनांनी हेरलं. दोन्ही विमानं एकमेकांवर चालून येतात तेव्हा नेम धरायला मिळतात मोजके क्षण. पुढच्या नमुन्यात हनुवटीखाली दोन बंदुका बसवल्या, त्या यासाठीच.

राखण मुळीच नसली तर काय होतं, ते १४ ऑक्टोबर १९४३ ला दिसलं. श्वाइनफुर्टच्या बॉल-बेअरिंग कारखान्यांवर २९१ बी-१७ निघाली. सोबतची थंडरबोल्ट लढाऊ विमानं इंधन संपत आलं म्हणून आखेनच्या आसपास मागे फिरली. त्या दिवशी ६० बॉम्बफेकी परत आली नाहीत.

जानेवारी १९४४ मध्ये अमेरिकन सेनापती डूलिटलने राखणदारांचा दोर सोडला: पुढे जा, शत्रूला शोधा. तोवर जादा टाक्या लावलेली लांब पल्ल्याची मस्टँग आली होती. मार्चमध्ये ती बर्लिनवर दिसू लागली.

इथे मराठी माणसाला पानिपत टोचतंच. १४ जानेवारी १७६१, भाऊसाहेबांची गोलाची लढाई: इब्राहिमखान गारद्याच्या तोफा, मध्ये बुणगे आणि यात्रेकरू. विंचूरकर आणि गायकवाडांचे घोडेस्वार त्वेषाने पुढे झेपावले आणि गोल फुटला. मग मोकळं सोडणं एकीकडे तारतं आणि दुसरीकडे बुडवतं, ते कसं? माझ्या मते फरक गोळीच्या रेषेत आहे. आपलेच स्वार तोफांपुढे आले की तोफा मुक्या होतात. डूलिटलची विमानं मात्र लांब पुढे गेली आणि बॉम्बफेकींच्या बंदुकांना आकाश मोकळं राहिलं.

पटाचा तोल मात्र आम्हाला बरेच दिवस सापडेना. पाडलेल्या विमानांवर गुण देत होतो, म्हणून बॉम्बफेके म्हणजे नुसती सावजं. मग गुण लक्ष्यावर पडलेल्या बॉम्बवर ठेवले, आणि सगळा खेळ पालटला. आता मला एखादं विमान पाडायचीही गरज नाही. थव्यातून फुटलं, घाबरून वळलं तरी पुरतं. वर इंधन मोजायला घेतलं. लढाईला भिडायचं तर जादा टाक्या टाकाव्या लागतात, आणि टाकल्या की पुढचा रस्ता संपला. म्हणून मी दोन सोंगट्या किनाऱ्यावरच पुढे करतो. मारायला नाही, टाक्या टाकायला लावायला. लबाडी आहे, पण नियमातली.

काल भाच्याने त्या दोन सोंगट्या बराच वेळ न्याहाळल्या. मग दोनच राखणदार त्यांच्यावर सोडले, बाकीचे टाक्यांसकट पुढे काढले आणि म्हणाला, "मामा, तुमची चाल."