‘ओ झ्यू’ : एका अमेरिकन सँडविचचे नाव आणि त्याची कृती

अमेरिकेतील उपाहारगृहांच्या पदार्थपत्रकांवर ‘फ्रेंच डिप’ नावाचे एक सँडविच आढळते. शिजविलेल्या गोमांसाचे पातळ काप लांबट, कडक सालीच्या पावात भरावयाचे आणि त्याच मांसाच्या पातळ रसात प्रत्येक घास बुडवून खावयाचा, एवढेच त्याचे स्वरूप. या नावापुढे पुष्कळदा ‘विथ ओ झू’ अशी पुस्ती जोडलेली असते. फ्रेंच जाणणारा मनुष्य ती वाचून थबकतो. मूळ फ्रेंच ‘ओ झ्यू’ या पदबंधातच ‘सह’ हा अर्थ आलेला आहे. ‘ओ’ हे रूप नामाच्या आधी येणारे ‘आ’ हे अव्यय आणि ‘ल’ हे पुल्लिंगी उपपद यांच्या संयोगाने सिद्ध झालेले असून ‘झ्यू’ म्हणजे रस. तेव्हा अमेरिकन प्रयोगाचा शब्दशः अर्थ ‘रसासहच्या सह’ असा काहीसा होतो.

असा प्रयोग अडाणीपणाचा म्हणून झिडकारणे सोपे आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकास तसे करता येत नाही, आणि मराठी भाषकास तर तो अधिकारच नाही. फारसीत ‘गुलाब’ म्हणजे फुलाचे पाणी. मराठीने तो शब्द फुलालाच दिला आणि पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ हा नवा समास घडविला, ज्यात पाणी दोनदा आले. ‘पावरोटी’ या शब्दात पोर्तुगीज भाकरी व देशी भाकरी शेजारी शेजारी नांदतात. परका पदबंध उसना घेताना त्याचे व्याकरण सीमेवरच गळून पडते आणि आत येते ते एक अखंड नाम, हा सर्व भाषांचा अनुभव होय.

तथापि प्रस्तुत उदाहरणात या व्याकरणलोपाचा परिणाम स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे, आणि म्हणूनच ते विशेष विचारार्ह ठरते. ‘ओ झ्यू’ हे जोवर क्रियाविशेषणात्मक पद होते तोवर ते मांसाविषयी बोलत होते: हे मांस स्वतःच्या रसासह वाढले आहे. ते नाम झाल्यावर तो रस ही एक स्वतंत्र वस्तू झाली. स्वतंत्र वस्तू म्हटली की ती विकता येते. अमेरिकन दुकानांत ‘ओ झू’ची चूर्णाची पाकिटे मिळतात आणि ती कढत पाण्यात मिसळली की काम भागते असे समजले जाते. मांस एकीकडचे आणि रस दुसरीकडचा. घरी हा पदार्थ करणाऱ्यांची निराशा होते ती बहुधा येथेच. मूळ पदबंधाचे व्याकरण जो पाळील त्याचाच पदार्थ साधतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘झ्यू’ या शब्दाचे कूळ येथे थोडे पाहणे अप्रस्तुत होणार नाही. लॅटिन ‘यूस्’ (मांसाचे वा अन्नाचे पातळ कालवण) यापासून तो आला. त्याच फ्रेंच शब्दापासून मध्ययुगीन इंग्रजीत ‘जूस’ आला होता. म्हणजे इंग्रजीने एकच शब्द दोनदा उसना घेतला, एकदा फळांच्या रसासाठी व पुन्हा मांसाच्या रसासाठी. या लॅटिन शब्दाचा संस्कृतातील सगोत्र शब्द ‘यूष’ अथवा ‘यूषन्’ होय, आणि रशियन भाषेतील माशांच्या रश्शाचे ‘उखा’ हे नावही याच कुळातले. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १६२व्या सूक्तात, जेथे अश्वमेधातील मांस शिजविण्याच्या भांड्यांचे वर्णन आहे, तेथे रस ओतण्याच्या पात्रांच्या संदर्भात ‘यूषन्’ हा शब्द येतो. पाणिनीने ६.१.६३ या सूत्रात ‘यूष’ची ही पर्यायी प्रकृती नोंदविली आहे. पुढे आयुर्वेदीय ग्रंथांत मांसाच्या रसास ‘मांसरस’ हे नाव रूढ झाले आणि ‘यूष’ मुख्यतः कडधान्यांच्या वाट्याला गेला. आज आजाऱ्यास मुगाचे कढण देतात ते त्याचेच रूप. मांसाच्या बाबतीत मराठीने आपली स्वतंत्र सोय केली आहे. मसाला न घालता मटण शिजवून निघालेले जे पातळ पाणी कोल्हापूरकडे ‘अळणी’ म्हणून आधी पिण्यास देतात, ते ‘झ्यू’च्या कल्पनेस ‘रस्सा’ या शब्दापेक्षा कितीतरी जवळचे आहे. रस्सा बनवावा लागतो, अळणी निघते.

आता ‘फ्रेंच’ या विशेषणाविषयी. हा पदार्थ फ्रान्समधला नव्हे. तो लॉस एंजेलिस शहरातला. त्याच्या जनकत्वावर त्या शहरातील दोन उपाहारगृहांनी हक्क सांगितला असून दोहोंची स्थापना १९०८ सालची आहे. त्यांपैकी ‘फिलीप्स’ हे फिलीप मॅथ्यू या फ्रेंच वंशाच्या गृहस्थाने काढले. तेथील परंपरेप्रमाणे १९१८ मध्ये पाव भरताना तो मालकाच्या हातून मांसाच्या गरम रसात पडला आणि गिऱ्हाइकाने तो तसाच मागून घेतला. दुसरे ‘कोल्स’, तेथे सांगितले जाई की हिरड्या दुखणाऱ्या एका गिऱ्हाइकाने पाव मऊ करून मागितला. दोन्ही कथांची जातकुळी एकच: अपघात वा अडचण, आणि तिच्यातून लाभलेली चव. अशा कथांचा पुरावा म्हणून फारसा उपयोग नसतो. ‘फ्रेंच’ हे नाव मालकाच्या वंशावरून आले, वापरलेल्या फ्रेंच पद्धतीच्या पावावरून आले, की त्या गिऱ्हाइकाचे आडनावच तसे होते, याबद्दलही तीन मते प्रचलित आहेत. त्यांपैकी पावाचे मत सर्वांत साधे व म्हणून सर्वांत विश्वसनीय वाटते. एक गोष्ट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. ‘फिलीप्स’मध्ये रसाची वाटी शेजारी ठेवण्याची चाल नाही, पाव आतच बुडवून देतात, आणि तो एकदा बुडवावा, दोनदा बुडवावा की पुरता भिजवावा हे गिऱ्हाइकाने सांगावयाचे असते. शेजारच्या वाटीत घास बुडविण्याची रीत इतरत्र रूढ झाली व घरोघरी तीच चालते.

घरगुती कृतीत दुसराही एक बदल झाला आहे, आणि तो अधिक मूलगामी आहे. उपाहारगृहात मांस भट्टीत भाजून त्याचे काप काढतात. घरी ते मंदाग्नीच्या विजेच्या भांड्यात, म्हणजे स्लो कुकरमध्ये, सात-आठ तास शिजवितात. या भांड्याचा इतिहास मनोरंजक आहे. आयर्व्हिंग नॅक्सन या शिकागोच्या संशोधकाने त्याच्या एकस्वासाठी १९३६ मध्ये अर्ज केला व १९४० मध्ये ते मिळाले. शब्बाथच्या दिवशी ज्यू लोकांस अग्नी पेटविता येत नाही; म्हणून आदल्या दिवशी ‘चोलंट’ नावाचे कालवण गावच्या भटारखान्याच्या निवत्या भट्टीत रात्रभर ठेवीत. लिथुएनियातील आपल्या घराण्याची ही रीत नॅक्सनने आईकडून ऐकली होती. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१ पासून ‘क्रॉक-पॉट’ या नावाने ते भांडे घरोघरी गेले. राखेत निखारे दाबून त्यांवर रात्रभर मडके ठेवण्याची पद्धत ज्यांच्या घरी होती त्यांना यातील तत्त्व नवे नाही.

भांडे बदलले की मांसाचा भागही बदलावा लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. भाजण्यासाठी जो कोवळा, चरबीविरहित भाग उत्तम, तो मंद शिजविण्यास सर्वांत वाईट. तो कोरडा, तंतुमय होतो. येथे हवा तो जनावराच्या खांद्याचा भाग, ज्याला तिकडे ‘चक’ म्हणतात. सतत राबणाऱ्या या स्नायूत कोलॅजन नावाचे चिवट संयोजक द्रव्य भरपूर असते. सुमारे ७० अंश सेल्सियसच्या पुढे, पाण्याच्या सान्निध्यात, ते हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन बनते. या क्रियेला उष्णतेइतकाच वेळ लागतो. घाई केली तर स्नायूंचे तंतू आवळून पाणी सोडतात, पण कोलॅजन मात्र तसेच राहते. पहिल्या तीन-चार तासांनी मांस पाहिल्यास ते पूर्वीपेक्षाही चिवट भासते, आणि अननुभवी माणूस हताश होतो. तेथे धीर धरावयास हवा.

दीड किलो मांसाच्या मानाने कृती अशी. मांसास दीड चमचा मीठ व भरडलेली मिरी चोळून ते तासभर ठेवावे. नंतर कोरडे पुसून जाड बुडाच्या लोखंडी तव्यावर थोड्या तेलात प्रखर आचेवर सर्व बाजूंनी गडद तपकिरी होईतो परतावे. ही पायरी पुष्कळ लोक गाळतात. ती गाळू नये. मांसाचा रस त्यामुळे आत ‘कोंडला’ जातो ही समजूत मात्र चुकीची आहे. एकोणिसाव्या शतकात लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ती पसरली व अद्याप टिकून आहे. खरे कारण वेगळे: मांसाला जो भाजका गंध व रंग येतो तो सुमारे १४० अंशांच्या वर होणाऱ्या, मेलार्डने १९१२ मध्ये वर्णिलेल्या, रासायनिक विक्रियेमुळे येतो, आणि स्लो कुकरचे तपमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जातच नाही. जी चव तव्यावर आली नाही ती पुढे आठ तासांतही येणार नाही. त्याच तव्यावर दोन कांदे उभे चिरून तांबूस करावे, पाच-सहा लसणीच्या पाकळ्या घालाव्या, आणि दोन पेले पाणी ओतून तव्याला चिकटलेला तपकिरी थर लाकडी कालथ्याने खरवडून काढावा. हा थर म्हणजे पुढील रसाचा प्राण. सर्व भांड्यात घालून एक तमालपत्र व थोडी थाइमची पाने टाकावी आणि मंद आचेच्या खुणेवर आठ ते नऊ तास झाकून ठेवावे.

दोन पेल्यांहून अधिक पाणी घालण्याचा मोह टाळावा. झाकणाखाली वाफ अडून परत पडते, म्हणून रस आटत नाही. उलट मांस स्वतःच्या वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा रसरूपाने सोडते. हाच तो ‘झ्यू’. पाणी केवळ त्याला वाहून नेण्यापुरते. झाकण वारंवार उघडू नये, कारण दर खेपेस गेलेली उष्णता भरून येण्यास वीस-तीस मिनिटे जातात. आणखी एक सावधगिरी रुचीची नव्हे, आरोग्याची आहे: गोठलेले मांस या भांड्यात कधीही तसेच घालू नये. ते जंतूंच्या वाढीस अनुकूल अशा कोमट तपमानात फार वेळ रेंगाळते.

काट्याने सहज तंतू सुटू लागले की मांस बाहेर काढून पंधरा मिनिटे राहू द्यावे व मग मोठे तुकडे राहतील इतपतच सोडवावे. त्याचा भुगा करू नये. रस गाळून घ्यावा आणि वर तरंगणारी चरबी पळीने काढावी. वेळ असल्यास रस उथळ भांड्यात लवकर निववून रात्रभर शीतकपाटात ठेवणे सर्वांत चांगले. सकाळी चरबीचा पांढरा पापुद्रा अखंड उचलता येतो व खाली रस थलथलीत गोठलेला दिसतो. पाकिटातील चूर्णाचा रस सहसा असा गोठत नाही. त्यात मीठ असते, रंग असतो, पण ओठांना किंचित चिकटणारा तो स्निग्धपणा नसतो. रस पुन्हा उकळून, तो फिका वाटल्यास उघड्या भांड्यात थोडा आटवून, सरतेशेवटी मीठ पाहावे. आधी मीठ नेमके करून मग आटविणारा हमखास फसतो. तो दाट करण्यासाठी पीठ लावू नये. पीठ लावले की तो ‘ग्रेव्ही’ होतो. पावाच्या जाळीत न शिरता सालीवरच बसून राहतो.

पावाची साल कडक व गर सच्छिद्र असावा. तो मधोमध चिरून आतील बाजू भाजून घेतल्यास मांस भरल्यावर लगेच लगदा होत नाही. कोणी वर प्रोव्होलोने चीजची चकती वितळवितात. ती बाधक नाही, आवश्यकही नाही. ‘फिलीप्स’मध्ये तिखट मोहरीचा लेप देतात, आणि जड, स्निग्ध मांसाला तो चीजपेक्षा अधिक शोभतो. आपल्याकडील लादीपाव या कामी निरुपयोगी आहे. मिसळीत तो शोभतो, कारण तेथे त्याने विरघळावे अशीच अपेक्षा असते. येथे घास बुडवून वर येईतो त्याने उभे राहावयास हवे.

महाराष्ट्रात गाय व बैल यांच्या वधास २०१५ च्या दुरुस्ती कायद्यानुसार बंदी आहे, तेव्हा हा पदार्थ येथे करू इच्छिणाऱ्यास मांस बदलावे लागेल. त्यात परंपराभंग मुळीच नाही. ‘फिलीप्स’मध्ये मेंढीचे व डुकराचे मांसही याच रीतीने रसात बुडवून मिळते. बोकडाचा खांदा हाडासकट घ्यावा, एक-दोन नळ्या सोबत टाकाव्या, आणि वेळ सहा ते सात तासांवर आणावा. हाडांमुळे रसाला अंगचा दाटपणा येतो. थाइमऐवजी चार मिरे व लवंग पुरते. हळद घालू नये. ती घातली की चव ओळखीची होते, आणि खाणारा वाटीतल्या रसाला ‘अळणी’ न म्हणता ‘रस्सा पातळ झाला’ असे म्हणू लागतो.