जबड्याच्या सांध्याचे विकार

खालचा जबडा कवटीला जोडणारे दोन सांधे आणि चर्वणाचे स्नायू यांमध्ये उद्भवणाऱ्या दुखण्यांना व बिघाडांना एकत्रितपणे जबड्याच्या सांध्याचे विकार असे म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना 'टीएमडी' हे नाव आहे. हा एकच रोग नसून अनेक विकारांचा समूह आहे. चावताना कानापुढे किंवा कानशिलात दुखणे, तोंड उघडताना 'कट' असा आवाज होणे, तोंड पुरेसे न उघडणे आणि जबडा अडकणे ही त्यांची प्रमुख लक्षणे होत. २० ते ४० वर्षे वयोगटात आणि स्त्रियांमध्ये हे विकार अधिक आढळतात.

रचना व कार्य

खालच्या जबड्याच्या हाडाचे गोलसर टोक कानासमोर, कवटीच्या शंखास्थीतील खोबणीत बसते. या दोन हाडांमध्ये तंतुमय ऊतीची लवचीक चकती असते. तोंड उघडताना हाडाचे टोक प्रथम बिजागरीप्रमाणे फिरते आणि नंतर चकतीसह पुढे सरकते. चकती जागेवरून पुढे घसरलेली असल्यास तोंड उघडताना ती परत जागी येते व आवाज होतो. ती परत न आल्यास तोंड अर्धवटच उघडते. खालचा जबडा हे एकच हाड असल्याने एका बाजूचा सांधा दुसऱ्याला सोडून हलू शकत नाही.

कारणे

बहुतेक रुग्णांमध्ये एकच एक कारण दाखवता येत नाही. जबड्याला मार लागणे, दात घट्ट आवळून धरण्याची सवय, झोपेत दात खाणे, मानसिक ताण, अपुरी झोप, सांध्यांची अतिलवचीकता, आमवात आणि सांध्याची झीज हे घटक कारणीभूत ठरू शकतात.

जेम्स कॉस्टेन या अमेरिकन कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९३४ मध्ये दाढा पडल्यामुळे सांध्यावर दाब येतो व त्यातून कानाची लक्षणे उद्भवतात, असे मत मांडले. या विचारातून दातांची ठेवण हेच मूळ कारण मानण्याची प्रथा पडली व अनेकांचे दात घासून कमी करण्यात आले. पुढील संशोधनात या कारणमीमांसेला पुरेसा आधार मिळाला नाही.

निदान

निदान मुख्यतः रुग्णाची माहिती व प्रत्यक्ष तपासणी यांवरून होते. प्रौढ व्यक्तीचे तोंड साधारणपणे ४० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उघडते; स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून वरच्या व खालच्या दातांमध्ये घालता येणे ही त्याची सोपी कसोटी आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार स्नायू किंवा सांधा दाबल्यावर रुग्णाला त्याची नेहमीचीच वेदना जाणवते का, हे पाहिले जाते. हाडांसाठी सीटी स्कॅन आणि चकतीसाठी एमआरआय उपयोगी पडतो. मात्र कोणताही त्रास नसलेल्या अनेक व्यक्तींच्या एमआरआयमध्येही चकती सरकलेली दिसते. त्यामुळे केवळ चित्रावरून उपचार ठरवले जात नाहीत.

तोंड न उघडण्याची इतर कारणेही तपासावी लागतात. अक्कलदाढेचा जंतुसंसर्ग आणि धनुर्वात ही त्यांपैकी दोन. भारतात सुपारी, गुटखा, मावा किंवा खर्रा यांच्या सेवनाने गालाच्या आतील त्वचा पांढुरकी व ताठर होऊन तोंड हळूहळू बंद होत जाते. या अवस्थेत सांधा निरोगी असतो, परंतु तिचे रूपांतर कर्करोगात होऊ शकते. पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखणे व त्यासोबत नवी डोकेदुखी किंवा दृष्टिदोष असल्यास रक्तवाहिनीच्या दाहाची शक्यता असते. अशा वेळी उपचारास विलंब झाल्यास दृष्टी जाऊ शकते. श्रमाने वाढणारी जबडेदुखी हृदयविकाराचेही लक्षण असू शकते.

उपचार

वेदनारहित आवाजासाठी सहसा उपचारांची गरज नसते. अनेक रुग्णांचा त्रास साध्या उपायांनी कमी होतो. मऊ आहार, शेक, जांभई देताना हनुवटीला आधार देणे, दात एकमेकांपासून सुटे ठेवणे, जबड्याचे व्यायाम आणि अल्पकाळ वेदनाशामक औषधे यांचा त्यांत समावेश होतो. दीर्घकालीन वेदनेसाठी २०२३ मधील एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने भौतिकोपचार, व्यायाम व मानसोपचार यांची ठाम शिफारस केली. दातांची ठेवण कायमची बदलणारे उपचार आणि चकती काढण्याची शस्त्रक्रिया यांविरुद्ध सल्ला दिला.

या सावधगिरीला इतिहासाचा आधार आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत अनेक रुग्णांची चकती काढून तेथे टेफ्लॉनयुक्त कृत्रिम पदार्थ बसवण्यात आला. चर्वणाने त्याचे कण सुटले, शरीराने त्यांना दिलेल्या प्रतिक्रियेत आसपासचे हाड झिजले आणि १९९० च्या दशकाच्या प्रारंभी ही रोपणे मागे घेण्यात आली.

तरीही काही वेळा शस्त्रक्रिया आवश्यक ठरते. बालपणी हनुवटीवर पडल्याने किंवा कानाच्या जंतुसंसर्गाने सांध्यातील हाडे एकमेकांना जुळल्यास तोंड उघडत नाही व जबड्याची वाढ खुंटते. अशा वेळी जुळलेले हाड काढून सांधा मोकळा करावा लागतो. त्यानंतरही तो पुन्हा जखडू नये म्हणून दीर्घकाळ नियमित व्यायाम करणे अत्यावश्यक असते.