मृत्यूचा दाखला : कुठल्या काउंटीचा?

एका मित्राचे वडील इथे मुलाकडे आले असताना प्रवासात, इलिनॉयमधल्या एका आडगावच्या काउंटीत वारले. मुलगा दाखल्यासाठी आपल्या घरच्या काउंटीत हेलपाटे घालत राहिला. दाखला मिळतो तो मृत्यू जिथे झाला तिथल्या काउंटी क्लार्ककडे. बिऱ्हाड कुठे होते याला महत्त्व नाही.

इलिनॉयमध्ये राज्यभराची नोंदणी 1916 पासूनची. त्याआधीचे शोधायचे तर काउंटीच्याच वह्या, त्याही बहुधा 1877 नंतरच्या आणि अपुऱ्या. वीस वर्षांपेक्षा जुनी नोंद वंशावळीसाठी कुणालाही मागता येते. अलीकडची मात्र वारस किंवा हितसंबंधी व्यक्तीलाच.

फ्युनरल होमवाले नावगाव आपल्यालाच विचारून लिहितात. त्या वेळी डोके ठिकाणावर नसते, हे खरे. तरीही स्पेलिंग पासपोर्टशी ताडून पाहा. क्लार्कच्या सहीशिक्क्याच्या आठ-दहा प्रती घ्या. बँक, विमा कंपनी झेरॉक्स सहसा मानत नाहीत. भारतात वापरायच्या प्रतीवर त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटचे अपोस्टील लागते. भारतात ते 2005 पासून चालते.

मित्राच्या वडिलांच्या नावातला एक 'एच' गळला होता. सातबाऱ्यावरची वारसनोंद त्या 'एच'पायी अजून अडकलेली आहे.