पाऊल आधी मोजा, किंमत नंतर विचारा

भूममधून पाथरूड किंवा ईटच्या दिशेने निघालेला सायकलस्वार डांबर सोडून शिवाररस्त्याला लागला, की बालाघाटाचे खरे रूप चाकाखाली येते. मुरूम, सुटी खडी, मध्येच वर आलेला काळा कातळ, उन्हाळ्यात सराट्याचे काटे आणि पावसाळ्यात टायरला नि बुटाला सारखीच चिकटणारी काळी माती. अशा वाटांवर दुधाचे कॅन लावलेल्या साध्या सायकली पूर्वीपासून धावत आल्या आहेत. आता त्यांच्यात जाड टायरच्या, गिअरच्या सायकलींची भर पडते आहे. त्या चालवणाऱ्यांत कॉलेजची मुले असतात, तसे ‘साखर वाढली आहे, व्यायाम सुरू करा’ असे डॉक्टरांनी बजावलेले पन्नाशीचे गृहस्थही असतात. सायकलीवर दहा-पंधरा हजार रुपये खर्च होतात. पायात मात्र घरातलीच चप्पल, नाहीतर मुलाचे जुने बूट.

पावलात २६ हाडे असतात. पेडल मारताना जवळपास सगळा जोर चवड्यातून जातो. मिनिटाला ७० फेरे धरले, तर तासाभरात प्रत्येक चवड्यावर ४२०० वेळा दाब येतो. बुटाचा तळ मऊ असेल तर तो पेडलभोवती वाकतो आणि हा दाब बोटभर जागेत एकवटतो. चवड्यातल्या लांब हाडांच्या मधून जाणाऱ्या नसा त्यात चेपल्या जातात. मग बोटांना मुंग्या येतात, तळवा पेटल्यासारखा होतो. त्यात बूट अरुंद असला तर पाहायलाच नको.

निरोगी माणूस अशा वेळी थांबतो, नाडी सैल करतो. बऱ्याच वर्षांच्या मधुमेहाने ज्याच्या पायाच्या नसा बधिर झाल्या आहेत, त्याला हा इशारा मिळतच नाही. बूट घासतो, फोड येतो, फुटतो, त्यात जंतू शिरतात आणि घरी मोजा काढल्यावर रक्त दिसते तेव्हा कळते. साखर आटोक्यात आणण्यासाठी सुरू केलेल्या व्यायामातून पायाची जखम पदरात पडावी, हे टाळण्यासारखे आहे.

दुकानात आपण ‘आठ नंबर दाखवा’ म्हणतो, घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे चालणारे नंबर इंग्रजांच्या काळात आलेले. ब्रिटिश पद्धतीत एका नंबराचा फरक साडेआठ मिलिमीटरच्या आसपास असतो, तर युरोपीय पद्धतीत पावणेसात. शिवाय हे नंबर लांबीचे, रुंदीबद्दल ते काहीच सांगत नाहीत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातल्या ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले मोजली. भारतीय पाऊल युरोपीय-अमेरिकी पावलापेक्षा सरासरीने रुंद असल्याचे त्यातून पुढे आले. त्यावरून ‘भा’ नावाची भारतीय मोजमाप पद्धतही सुचवण्यात आली. रुंदी मिळावी म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो आणि नाडी करकचून आवळतो. लांबी वाढते, टाच मागे हलत राहते आणि चढावर नेमकी तिथेच साल निघते.

त्यापेक्षा घरी पाऊल मोजावे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. जमिनीवर कागद ठेवून, टाच भिंतीला लावून उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे खूण करावी. दोन्ही पायांची मापे क्वचितच सारखी येतात. मोठे माप खरे धरावे. दुकानात बुटातली गादी बाहेर काढून तिच्यावर उभे राहावे. पाऊल कडेने बाहेर येत असेल तर बूट कितीही देखणा असला तरी परत द्यावा. पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी मोकळी जागा आणि मागे घट्ट बसलेली टाच, ही जुळणी झाली की मग किंमत विचारावी.

माउंटन बाइकचे खास बूट दोन तऱ्हेचे. एकाच्या तळात धातूची क्लीट असते आणि ती पेडलमध्ये खटकन अडकते. शिमानो कंपनीने या पद्धतीची पेडल १९९० मध्ये आणली. दुसरे सपाट पेडलसाठीचे, चिकट रबराच्या तळाचे. नामांकित कंपन्यांचे हे बूट सहज आठ-दहा हजारांच्या घरात जातात. क्लीटने ताकद वाचते, हा समज सर्वत्र आहे. पण अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये तुलना केली, तेव्हा बेताच्या वेगाने सायकल चालवताना साध्या धावण्याच्या बुटांत आणि क्लीटच्या बुटांत ऊर्जेच्या खर्चाचा फरक आढळला नाही. शर्यतीतला खेळाडू वेगळा. शिवारातून फिरून येणाऱ्याला क्लीटची गरज नाही, आणि काळ्या मातीत ती लिंपली की पाय ना धड अडकतो ना सुटतो.

मग स्वस्तात काय घ्यावे? कबड्डीच्या बुटाला पेडलवर पकड चांगली असते, पण तळ फार पातळ. सराटा आरपार जातो. बॅडमिंटनचा गम सोलचा बूट त्याहून बरा, मात्र चिखलात उतरून सायकल ढकलताना तो घसरतो. सर्वांत सोयीचा म्हणजे डोंगर चढण्यासाठी मिळणारा कमी उंचीचा साधा बूट. निवडताना तो दोन्ही हातांनी वाकवून पाहावा. बोटांपाशी थोडा वाकावा, मध्यभागी मात्र दुमडता कामा नये. दाते खोल पण एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे माती झडते.

टिकण्याचे म्हणाल, तर बूट बहुधा तळ झिजून नव्हे, चिकटवण सुटून जातो. तळाला कडेने शिवण असलेला घ्यावा. नसेल तर गावातल्या चर्मकाराकडून आधीच शिवून घ्यावा. हा खर्च शंभर टक्के वसूल होतो. सवलतीत मिळणारे, वर्षानुवर्षे खोक्यात पडलेले पीयू तळाचे बूट टाळावेत. हवेतल्या दमटपणाने हा पदार्थ आतून विरत जातो आणि चार फेऱ्यांत तळाचा भुगा होतो. भिजलेला बूट चुलीपाशी वाळवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवावा. नाडीचे टोक आत खोचावे, ते साखळीत गेले तर माणूस आडवा होतो.

मधुमेह असलेल्यांनी आणखी थोडी काळजी घ्यावी. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पायाची संवेदना तपासून घ्यावी. नायलॉनच्या धाग्याने होणारी ही तपासणी दुखत नाही आणि दोन-चार मिनिटांत होते. बूट घालण्यापूर्वी झटकण्याची सवय विंचवामुळे आपल्याकडे आहेच, त्यासोबत आत हात फिरवून खडा, काटा किंवा वर आलेली शिवण आहे का तेही पाहावे. मोजे फिक्या रंगाचे घालावेत, म्हणजे रक्ताचा डाग लगेच दिसतो. नवा बूट पहिल्या दिवशी अर्धा-एक तासच वापरावा आणि काढल्यावर दोन्ही पावले उजेडात पाहावीत. तळवा दिसत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरातल्या कोणाला पाहायला सांगावे. लाल झालेली जागा अर्ध्या तासाने तशीच राहिली, तर तो बूट त्या पायाचा नव्हे. फोड आला असेल तर तो घरी फोडू नये, हळद भरू नये, दुसऱ्या दिवशी सायकल काढू नये आणि पाय डॉक्टरांना दाखवावा.