घरात एकच मोबाईल, आणि भाच्याला हवी 'बीटा'

सुट्टीत आमगावहून भाचा आला की आमच्या गोंदियाच्या घरातला मोबाईल त्याच्याच हातात. या वेळी म्हणाला, "मामू, नवीन अँड्रॉइड सगळ्यांच्या आधी मिळते. फक्त बीटासाठी नाव नोंदवायचे."

मोबाईल एकच. बँकेचे ॲप त्यावर, शाळेची कामे त्यावर, अम्मीच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो त्यावर, आणि धाकटीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा ओटीपीही त्यावरच येणार. तरी ऐकून न घेता 'नाही' म्हणणे शिक्षकाला शोभत नाही. आम्ही नवरा-बायको माहिती वाचायला बसलो.

आपल्या धानाच्या जिल्ह्यात बीटा समजावणे सोपे आहे. भात शिजला का, हे शीत दाबून पाहतात. बीटा म्हणजे ते शीत दाबायचे बोलावणे, जेवणाचे नव्हे. बँकेचे ॲप अशा आवृत्तीवर कधी चालते, कधी अडते. परतीची वाटही महाग : गूगलच्या पिक्सेल फोनवर बीटा मध्येच सोडली तर फोनमधले सगळे पुसले जाते. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या लोकांनी तर कायम घडत असलेल्या आवृत्तीचे नावच 'सिड' ठेवले आहे. 'टॉय स्टोरी' चित्रपटात खेळणी मोडणारा पोरगा तो! इतका प्रामाणिक इशारा आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

मोबाईलला नकार दिला. पण कपाटात जुना लॅपटॉप होता. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या, तेव्हापासून पडून. त्यातले फोटो पेन ड्राइव्हवर काढले आणि भाच्याला म्हटले, यावर लिनक्सची चाचणी आवृत्ती टाक. काही बिघडले तर मात्र लिहून कळवायचे. (रोजच्या अभ्यासासाठी हवा असता तर उबुंटूची पाच वर्षे दुरुस्त्या मिळणारी एलटीएस आवृत्तीच टाकली असती.)

अट उगीच नव्हती. चाचणी करणाऱ्यांत मराठी-उर्दू वाचणारे नसतील तर आपल्या लिपीतली चूक पकडणार कोण? नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे खाली उतरत जातो. ओळीची उंची कमी धरली की वरचे नुक्ते कापले जातात. तिसऱ्याच दिवशी भाच्याला नेमके तेच सापडले. काय केले, काय दिसायला हवे होते, काय दिसले, असे तीन भाग करून त्याने इंग्रजीत लिहिले, सोबत पडद्याचा फोटो जोडला. दोन संध्याकाळी गेल्या. 'नुक्ता' इंग्रजीत कसा सांगायचा, यातच अर्धा तास!

उत्तर अजून आलेले नाही. रोज सकाळी तो आमच्याच मोबाईलवर ईमेल उघडून पाहतो.